फांदी छान आलीय

"काका, कावळा शिवताना अगदी जवळून घ्या हं," धैर्यशील माझ्या कानाशी लागून म्हणाला. "चोच आणि भात, दोन्ही एकाच फोटोत आले पाहिजेत. घरच्या ग्रुपवर टाकायचाय."

नदीच्या घाटावर त्याच्या बापाचा दहावा चालला होता. बाप म्हणजे सर्जेराव जगदाळे, माझा जन्माचा सोबती. धैर्यशीलचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, रणजितचं, डोकं नुकतंच भादरून झालं होतं. दोन्ही टकुरी उन्हात अशी लखलखत होती की मला आधी कॅमेऱ्यातला उजेड कमी करावा लागला.

गुरुजींनी खालच्या पायरीवर पिंड ठेवला, शेजारी केळीच्या पानावर सर्जाच्या आवडीचं सगळं मांडलं आणि हात हलवून लोकांना मागं सारलं.

"सरा मंडळी. जागा द्या. येईल तो."

तो म्हणजे कावळा. घाटावरच्या पिंपळात त्यांची अख्खी ग्रामसभा भरली होती आणि सगळ्यांचं लक्ष पानातल्या भज्यांवर होतं. मी पुढं होऊन मोक्याची जागा धरली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. भिंग जिर्रर्र करत बाहेर आलं. आता कुठल्याही क्षणी कावळा येणार, आणि मी सर्जाला शेवटचा निरोप त्याला शोभेल असा देणार, अशी माझी समजूत होती.

या कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. जंगलात फिरणारे हौशी लोक तोफेएवढी भिंगं लावतात तो घोडा, खिशात मावतं ते गाढव, आणि त्या दोघांपासून झालेलं खेचर म्हणजे हा. याचं भिंग बदलता येत नाही, पण असलेलंच इतकं लांब जातं की पलीकडच्या काठावरच्या म्हशीच्या कानातली गोचीड मोजून घ्यावी. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालो तेव्हा लेकीनं आणि जावयानं तो माझ्या गळ्यात घातला. जन्मभर मी लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणत आलो. आता पाखरांनी जागेवर बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण खेचराचा स्वभाव असा की बटण दाबल्यावर ते आधी विचार करतं. पाखरू फांदीवर आहे तोवर त्याचा विचार चालतो आणि पाखरू उडालं की निर्णय होतो. त्यामुळे नदीकाठच्या फांद्यांचा माझ्याकडे जेवढा संग्रह आहे तेवढा वनखात्याकडेही नसेल. जिच्यावर खंड्या होता ती बाभळीची फांदी. जिच्यावरून वेडा राघू नुकताच गेला होता ती विजेची तार. एका फोटोत शराटीची शेपटी आली आहे. तो मी मोठा करून, काच लावून घरात टांगला आहे.

या सगळ्याचा एकुलता एक प्रेक्षक म्हणजे सर्जा. त्याच्या परसात, नदीच्या अंगाला एक जुना उंबर आहे. उंबर पिकला की त्यावर तांबट, मैना, कोकीळ, हरोळ्या अशी जत्रा भरते. मी रोज सकाळी तिथं खाट टाकून बसे. माझी कारभारीण लवकर गेली, त्यामुळे माझा सकाळचा चहा सर्जाच्या घरी हौसावहिनींच्या चुलीवरच व्हायचा. तेव्हा पाखरांसाठी चहा प्यायचो की चहासाठी पाखरं बघायचो, हे मलाही नक्की सांगता येणार नाही. चहा पिता पिता सर्जा माझ्या हातून कॅमेरा घ्यायचा, मागच्या पडद्याकडे डोळे बारीक करून बराच वेळ बघायचा आणि सोनाराच्या गांभीर्यानं म्हणायचा, "फांदी छान आलीय, मास्तर."

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. माझं नाव जोतीराम आहे हे आता फक्त पेन्शनवाल्यांना ठाऊक आहे.

इतर पाखरं उडायची ती त्यांच्या स्वभावानं. कावळ्यांनी मात्र माझ्याविरुद्ध ठराव केला होता. गावातल्या टग्यांनी मागं कधीतरी छर्ऱ्याच्या बंदुका चालवल्या होत्या. तेव्हापासून काळं, लांब नळकांडं कुणी डोळ्याला लावलं की कावळ्यांचा थरकाप व्हायचा. माझं भिंग जिर्र झालं की अंगणातला कावळा थेट कौलावर, आणि मी कॅमेरा खाली ठेवेपर्यंत तो तिथून शिव्या देणार. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते हौसावहिनींच्या. उन्हाळ्यात कुरडया नाहीतर सांडगे घातले की त्यांचा निरोप यायचा.

"भावजी, तो डबा घेऊन बसा जरा हितं. तुमी असला की वाळवणाला राखण लागत न्हाई."

मग मी बाजेच्या कडेला डबा डोळ्याला लावून बसायचो आणि सर्जा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "सरकारनं पेन्शन दिली, आम्ही नोकरी दिली. बुजगावणं म्हणून."

असा हा सर्जा, धान्याचं पोतं उतरवताना मटकन बसला आणि उठलाच नाही.

दहाव्याच्या आदल्या सकाळी मी त्याच्या घरी गेलो तर वहिनी गोठ्यात म्हशीपुढं बसल्या होत्या. चूल थंड होती. चहा नव्हता, त्यावरून मला कळलं की काहीतरी बिघडलंय.

"पोरांनी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "सहा म्हयनं थोरल्याकडं पुण्याला, सहा म्हयनं धाकट्याकडं नाशकाला. घर आन् उंबराचा तुकडा कुणा हॉटेलवाल्याला. उद्या दहावा झाला की तो बघाया येणार हाय."

"तुम्हाला विचारलं का?"

"सांगितलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? हिला कोण सांगणार, ते बघतीया." त्यांनी म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला. म्हशीनं त्यांचा पदर चाटला. "चाळीस वरसं ह्या उंबराखाली काढली. ह्यांनी रागाच्या भरातसुदिक कधी हितनं ऊठ म्हणलं न्हाई. भावजी, तुमी बोला की पोरांशी."

मी बोललो. सोप्यात दोघं भाऊ बसले होते. म्हणालो, "वहिनींना इथंच राहायचंय. त्यांना हलवू नका."

धैर्यशील हसला. पोरगा वाईट नाही, पुण्यात मोठ्या कंपनीत माणसं हलवण्याचंच काम करतो, त्यामुळे आईही त्याला हलवण्यासारखी वाटली असावी. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, लहानपणी तुम्ही सांगितलं होतं की तुमच्या गाडीच्या टपावर एक बिबट्या बसून घाट उतरून आला आणि त्याचा स्टॉप आल्यावर त्यानं घंटी वाजवली."

"मग?"

"काही नाही. तुमच्या गोष्टी छान असतात, एवढंच."

रणजित गालात हसला. घंटी बिबट्यानं नव्हे, पाठीमागच्या सीटवरच्या एका घाबरलेल्या म्हातारीनं वाजवली होती, पण आता ते सांगून उपयोग नव्हता. जन्मभर थापा मारल्या की असं होतं. एखाद्या दिवशी माणूस सरळ बोलायला जातो, तर लोक पुढची गंमत ऐकायला सरसावून बसतात.

तर घाटावर मी कॅमेरा लावून उभा होतो आणि कावळा येत नव्हता.

म्हणजे यायचा. पिंपळातून उतरायचा, कठड्यावर टेकायचा, मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा आणि परत फांदीवर. लोकांत कुजबुज सुरू झाली. सर्जाचा चुलतभाऊ किसनअण्णा, जो लग्नापासून मयतापर्यंत सगळीकडे न बोलावता पुढारीपण करतो, तो पुढं झाला.

"तंबाखू ऱ्हायली," तो म्हणाला.

तंबाखूची पुडी ठेवली.

"आरं चुना? नुसती तंबाखू तो खाईल का?"

चुन्याची डबी ठेवली. मग कुणाला आठवलं की सर्जाला पत्त्यांचा नाद होता, म्हणून पत्त्यांचा कॅट आला. कुणीतरी कांदाभजी गार झाली म्हणून गरम आणायला पळालं. मागून एकजण हळूच म्हणाला की खरी इच्छा बाटलीतली आहे, पण गुरुजी समोर असल्यामुळे ती बाटलीतच राहिली. पानाभोवती एवढं सामान जमलं की एखाद्याला वाटावं, सर्जा गेला नसून त्यानं तिथं टपरी टाकली आहे.

कावळे आपले जागच्या जागी.

माझ्या हातांना रग लागली. मी कॅमेरा छातीशी घेतला. भिंग आपसूक आत गेलं. त्याबरोबर पिंपळातून एक जाडजूड डोमकावळा खाली आला. कठड्यावर थांबला नाही. दोन उड्या मारून थेट पानाशी. सगळ्या घाटानं श्वास धरला.

"काका, काका, घ्या," धैर्यशील कुजबुजला.

मी कॅमेरा उचलला. जिर्रर्र. कावळा पिंपळात.

"इच्छा ऱ्हायलीया," किसनअण्णा मान हलवत म्हणाला. "लई मोठी इच्छा ऱ्हायलीया."

माझ्या डोळ्यांपुढं मात्र कुरडया आल्या. बाजेवर हारीनं मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया, कौलावर शिव्या देणारे कावळे आणि मधे मी. इथं सगळं गाव सर्जाची इच्छा शोधत होतं आणि त्याची वाट अडवून मीच बसलो होतो. जन्मात एक पाखरू धड टिपता आलं नाही, ते नाही, वर मित्राचा आत्माही टांगून ठेवला. मी घाईघाईनं पिशवीची चेन उघडली. कॅमेरा आत टाकणार, तेवढ्यात शेजारी धैर्यशील रणजितला हलक्या आवाजात म्हणाला, "तो हॉटेलवाला घरी येऊन बसलाय. हे आटपलं की आधी त्याला जागा दाखवू. जेवणं नंतर."

मी घाटावरच्या कडुनिंबाकडे बघितलं. तिथं बायकांच्यात वहिनी बसल्या होत्या. त्या पिंडाकडे बघत नव्हत्या, कावळ्याकडे तर नाहीच. नदीच्या वळणावर त्यांच्या उंबराचा शेंडा दिसतो, तिकडे बघत होत्या. एस.टी. सुटल्यावर खिडकीतली बाई मागं राहिलेल्या माणसाकडे बघते ना, तसं.

मी पिशवीची चेन परत लावली. कॅमेरा बाहेरच होता. तो डोळ्याला लावला.

लोकांना वाटतं गाडी ड्रायव्हर चालवतो. गाडी चालते ती घंटीच्या दोरीवर, आणि दोरी कंडक्टरच्या हातात असते. तो डबल बेल देईपर्यंत इंजिन कितीही गुरगुरलं तरी गाडी जागची हलत नाही.

"तुम्हीच काहीतरी बोला रं पोरांनो," किसनअण्णा म्हणाला. "बापाला शब्द द्या."

धैर्यशीलनं हात जोडले. "तात्या, तुमच्या नावानं शाळेला पंखे देऊ."

कावळा कठड्यावर आला. मी भिंग जरासं पुढं काढलं. कावळा गेला.

"तात्या, वर्षश्राद्ध गावातच घालू," रणजित म्हणाला.

जिर्र.

"आईला काही कमी पडू देणार नाही," धैर्यशील म्हणाला. मग लोक बघताहेत म्हणून जरा मोठ्यानं, "तिला पुण्याला स्वतंत्र खोली देऊ. आतच बाथरूम असलेली."

कावळा पिंडाच्या हातभर अंतरावर येऊन माझ्या आवाजानं उलटा फिरला, तेव्हा गर्दीतून "अरारारा" असा सूर निघाला.

"बाथरूम नगं आसंल," किसनअण्णा विचार करून म्हणाला.

आता माझे हात थरथरायला लागले होते. भिंगातून पिंड, पान, पत्ते, सगळं भूकंपात सापडल्यासारखं दिसत होतं. कावळ्यांनाही भूक असते, आणि गरम भजी आली होती. हात खाली गेले असते तर सगळं संपलं असतं. तेवढ्यात कडुनिंबाखालून वहिनींचा आवाज आला. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलंच बोलणं.

"भावजींना खुर्ची द्या कुणीतरी. हातांची द्या. हात भरून आलं असतील त्यांचं."

हातांची खुर्ची आली. मी बसलो, कोपरं टेकवली, कॅमेरा पक्का झाला. मला गलबलून आलं. नवरा जाऊन दहा दिवस झालेत, घर चाललंय, आणि तरीही बाईला माझा फोटो नीट यावा याची काळजी.

उन्हं चढली. पायऱ्या तापल्या. गुरुजी तरुण होते, मोटारसायकलवर आले होते आणि त्यांना पुढच्या गावाला आणखी एक दहावा होता. त्यांनी दोनदा मोबाइल बघितला आणि घसा साफ केला.

"असं आहे, मंडळी. कधी कधी नाही येत. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू, तो पिंडाला लावू. तेवढंच पुण्य."

धैर्यशीलच्या चेहऱ्यावर एकदम टवटवी आली. "चालेल, गुरुजी. करून टाका."

गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि त्याला गाठ मारायला घेतली. दर्भाचा कावळा माझ्या कॅमेऱ्याला थोडाच भिणार होता. मला काहीतरी करायला हवं होतं, आणि मला आयुष्यात दोनच गोष्टी येतात. त्यातली एक चालू होती. मी दुसरी सुरू केली.

"करा, गुरुजी, करा," मी डोळा कॅमेऱ्यावरून न काढता म्हणालो. "माझं काही म्हणणं नाही. फक्त मुक्कामी गाडीवर असताना बघितलेली एक गोष्ट आठवली म्हणून हात जरा कापतोय."

"कसली गोष्ट, काका?" रणजितनं विचारलं. लहानपणापासून हा माझं हमखास गिऱ्हाईक.

"डोंगरापलीकडं एक विठ्ठलराव होते. त्यांच्या मुलाला दहाव्याच्या दिवशी पुण्याची गाडी गाठायची घाई. कावळा येईना, म्हणून दर्भाचा केला. माझ्याच गाडीत बसला तो. गाडी सुटली आणि टपावर धप्प आवाज झाला. बघतो तर कावळा. दर स्टॉपला उतरायचा, खिडकीतून त्या मुलाकडे बघायचा आणि परत टपावर. त्याचं मी तिकीट फाडलं नाही, एवढीच माझी चूक."

कुणीतरी हसलं. किसनअण्णानं त्याला गप्प केलं.

"पुढं?" रणजित म्हणाला.

"पुढं काय. मुलाचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट. जेवायला बसला की कावळा गॅलरीत हजर. खात काही नाही. नुसता बघतो. मुलानं घर बदललं, कावळ्यानंही बदललं. शेवटी तो ऑफिसात जायला लागला."

"मुलगा?"

"कावळा."

रणजितचा चेहरा उतरला. धैर्यशील म्हणाला, "काका, पुरे आता." पण तो ते पिंपळाकडे बघत म्हणाला. वर सगळे कावळे एका ओळीत बसले होते आणि भज्यांकडे बघत होते. नेमकी त्या रेषेत दोन्ही भावांची टकुरी होती.

"गुरुजी, असं काही असतं का?" त्यानं विचारलं.

गुरुजींच्या हातातला दर्भ अर्धवट राहिला होता. माणूस प्रामाणिक होता. "ग्रंथांत तरी कुठं नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण मीही चौथ्या मजल्यावरच राहतो. तुम्ही एकदा घरात नीट विचारून घ्या. मी थांबतो."

"दादा," रणजित म्हणाला, "तात्यांचा जीव घरात अडकलाय रे."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आपण कुणाला विचारलंय कुठं?"

धैर्यशील ओल्या धोतरानं पायऱ्या चढून कडुनिंबाखाली गेला आणि आईपुढं उकिडवा बसला. सगळा घाट कान देऊन होता, मी तर कानाबरोबर भिंगही तिकडे वळवलं होतं. त्यात मला त्याची हनुवटी दिसली. ती सर्जाची होती.

"आई, तात्यांचा जीव कशात अडकलाय गं?"

सर्जा गेल्यापासून त्या बाईला पोरांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"त्यांचं मला ठावं न्हाई, बाळा," त्या म्हणाल्या. "माझा उंबरात अडकलाय."

धैर्यशील तिथंच मातीत टेकला. मोठ्या कंपनीत माणसं हलवणाऱ्या त्या पोराला स्वतःला उठायला बराच वेळ लागला. मग तो खाली आला, रणजितच्या हातात हात घातला आणि दोघांनी ओंजळीत पाणी घेतलं.

"तात्या," तो म्हणाला, आणि या वेळी लोकांना ऐकू जाईल असं नाही, "घर विकत नाही. उंबराला हात लावत नाही. आई तिला वाटेल तोवर इथंच राहील. आम्हीच येत जाऊ."

"मीही," रणजित म्हणाला. पाणी सोडलं.

मी मनातल्या मनात डबल बेल दिली आणि कॅमेरा खाली घेतला.

कावळा आला नाही.

मी भिंग आत घातलं, झाकण लावलं, कॅमेरा पिशवीत टाकला, पिशवी खुर्चीखाली ढकलली. हात रिकामे करून मांडीवर ठेवले, कावळ्यांना दिसतील असे. कावळे माझ्या हातांकडे बघेनात. माझ्या तोंडाकडे बघत होते. इतका वेळ समोर बसल्यावर त्यांना आता कॅमेरा आणि मी यांत फरक उरला नव्हता. पोरांनी कबूल केलं होतं, बाईनं बोलून दाखवलं होतं, गुरुजी थांबले होते, आणि गाडी अडली होती ती कंडक्टर खाली उतरत नाही म्हणून.

मी उठलो. "आलोच," असं कुणाला तरी म्हणालो आणि घाट चढून महादेवाच्या देवळामागं गेलो. तिथून पिंड दिसत नाही. नदी दिसत नाही. चुना लावलेली भिंत दिसते. मी तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

थोड्याच वेळात मागून आवाज उठला. "शिवला, शिवला." मग बायकांचं रडणं, आणि त्यात वहिनींचं, जे मी इतके दिवस ऐकलं नव्हतं.

सर्जाला निरोप द्यायला सगळं गाव समोर होतं. त्याचा जन्माचा सोबती तेवढा भिंतीशी. डोळे पुसल्यावर भिंतीवर एक पाल दिसली, अगदी स्तब्ध. तिनं हालचाल केली नाही, म्हणून मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्पष्ट फोटो.

"काका, मिळाला ना?" मी परत आल्यावर धैर्यशीलनं विचारलं.

"नेमका लघवीला गेलो होतो."

"इतका वेळ बसून? नेमकं तेव्हाच?"

"वय झालं, बाबा."

तेव्हापासून गावात एखाद्याची संधी थोडक्यात हुकली की "मास्तर देवळामागं गेला" असं म्हणायची पद्धत पडली आहे. लग्नाच्या बोलणीत, ग्रामपंचायतीच्या मोजणीत, सगळीकडे म्हणतात. मी स्वतःही म्हणतो. हॉटेलवाल्याला रणजितनंच चहा पाजून परत लावलं. धैर्यशील सणावाराला येऊ लागला आणि पुण्याहून फोन आला की दर वेळी सहज विचारल्यासारखं विचारायचा, "काका, ते विठ्ठलराव खरे होते का हो?" मी म्हणायचो, "का रे? गॅलरीत कुणी आलंय का?" की फोन बंद.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी निरोप आला, कुरडया घातल्यात, डबा घेऊन या. मी गेलो. उंबर पिकला होता, म्हैस रवंथ करत होती, आणि बाजेच्या उशाशी एक खुर्ची मांडून ठेवली होती. नेहमीची खाट नव्हे. हातांची खुर्ची.

मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. वहिनी चहा घेऊन आल्या.

"बसा की, भावजी. हात टेकाया बरं पडतं. त्या दिशी बिनहाताच्या खुर्चीत तुमचं कसं निभावलं असतं, सांगा बरं."

मी बसलो. चहाचा घोट घेतला, तो चुकीच्या नळीत गेला. त्या खोकला थांबेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशीचा फोटू दावा की."

फोटो एकच होता. डोमकावळा पानाशी आला आणि धैर्यशील घ्या घ्या म्हणाला, तेव्हा चुकून बटण दाबलं गेलं होतं. कॅमेऱ्यानं नेहमीप्रमाणे विचार केला होता आणि कावळा गेल्यावर निर्णय घेतला होता. फोटोत खाली पिंड होता, वर पिंपळाची एक फांदी, नुकतीच हललेली.

वहिनींनी पदरानं पडदा पुसला. डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"फांदी छान आलीय, मास्तर," त्या म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी मला भावजी न म्हणता मास्तर म्हटलं. मग रिकामा कप उचलून घरात जाता जाता, कौलावरच्या कावळ्यांकडे बघत म्हणाल्या, "उन्हं उतरूस्तवर बसा. डबा खाली ठिवू नगा."